मेंदूतला नेमका बिंदू

स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी म्हणजे कवटी न उघडता मेंदूतल्या एका ठरावीक जागेवर किरणांचा मोठा डोस एकाच बैठकीत, किंवा फार तर पाच बैठकींत, देण्याची उपचारपद्धती. नावात ‘सर्जरी’ असली तरी तिच्यात चिरा नाही, टाके नाहीत आणि मोठ्या माणसांना बहुधा संपूर्ण भूलही द्यावी लागत नाही. गॅमा नाइफ, सायबरनाइफ ही यंत्रांची नावे ऐकून अनेकांची अशी समजूत होते की किरणांची सुरी गाठ कापून काढते. प्रत्यक्षात गाठ जागच्या जागी राहते आणि तिची वाढण्याची ताकद मात्र जाते. एवढी एक गोष्ट नीट लक्षात आली, तर या उपचाराचे यश, त्याच्या मर्यादा आणि नंतरचे दीर्घ वाट पाहणे या सगळ्यांचा उलगडा होतो.

नेहमीच्या किरणोपचारात मेंदूच्या गाठीला रोज सुमारे २ ग्रे एवढा छोटा डोस आठवड्यातून पाच दिवस, असा सहा आठवडे दिला जातो. ग्रे हे एकक ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांच्या नावावरून आले. एक किलो ऊतींनी एक ज्यूल ऊर्जा शोषली, की तो १ ग्रे. ही ऊर्जा किती थोडी असते, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. २० ग्रेच्या भक्कम डोसानेसुद्धा ऊतींचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावे लागेल इतकेच, म्हणजे साधारण पाच हजारांशांनी वाढते. आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, पण त्यात भाजण्याचा काही संबंध नाही. किरण पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि डीएनएचे दुहेरी धागे तुटतात. धागे तुटलेली पेशी पुढे विभागायला गेली की मरते, किंवा विभागणेच सोडून देते.

रोजचा डोस छोटा ठेवण्यामागे हिशेब आहे. किरण गाठीपर्यंत पोहोचताना निरोगी मेंदूतूनच जातात. छोट्या डोसाने झालेली इजा निरोगी पेशी पुढच्या डोसापर्यंत बऱ्याच अंशी दुरुस्त करतात, गाठीच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही, आणि सहा आठवड्यांत हा फरक साचत जातो. रेडिओसर्जरी हा हिशेब बाजूला ठेवते. निरोगी पेशींना सावरायला वेळ देण्याऐवजी त्यांना मोठ्या डोसाच्या वाटेतच येऊ द्यायचे नाही, असा तिचा पवित्रा असतो. त्यामुळे इथे सगळे ओझे नेमकेपणावर येऊन पडते.

ही कल्पना मांडली लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जनने. त्याआधी मेंदूतली जागा बाहेरून मोजून गाठण्याचे एक तंत्र होते. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी डोक्यावर बसवायची एक चौकट तयार केली होती. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी गाव सापडावे, तसा चौकटीवरच्या तीन मापांनी मेंदूतला कोणताही बिंदू सापडे. माणसासाठी हे तंत्र १९४७ मध्ये फिलाडेल्फियात श्पीगेल आणि वायसिस यांनी वापरले. लेक्सेलने १९४९ मध्ये स्वतःची चौकट जगापुढे ठेवली आणि तिच्यातली एक सोय फार मोलाची ठरली. त्याने डोक्यावर एक अर्धवर्तुळाकार कमान बसवली आणि हव्या त्या बिंदूला त्या कमानीचे केंद्र केले. मग कमानीवरून कुठूनही, कोणत्याही कोनातून सुई सरळ आत घातली, तरी ती केंद्रावरच पोहोचणार!

आता त्या सुईच्या जागी किरणाची शलाका आहे असे समजावे. एका शलाकेत मेंदूला इजा करण्याइतका जोर नसेल, पण कमानीवरून वेगवेगळ्या कोनांतून अनेक शलाका सोडल्या, तर त्या सगळ्या एकाच बिंदूत मिळतील. वाटेतल्या प्रत्येक भागाला फक्त आपल्या वाटची एक क्षीण शलाका सोसावी लागेल आणि बिंदूवर मात्र सगळ्यांची बेरीज होईल. १९५१ मध्ये लेक्सेलने हा विचार शोधनिबंधात मांडला आणि त्याला ‘रेडिओसर्जरी’ हे नाव दिले. पुढच्या सत्तर वर्षांत यंत्रे कितीही बदलली, तरी मुळातली भूमिती हीच राहिली आहे.

लेक्सेलने सुरुवातीला आपल्या कमानीवर क्ष-किरणांची नळी बसवून पाहिली, पण त्या किरणांचा जोर अपुरा होता. मग उप्सालाचे भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्याबरोबर त्याने सायक्लोट्रॉनमधल्या प्रोटॉनचे प्रयोग केले. परिणाम चांगले होते, पण सायक्लोट्रॉन हे प्रयोगशाळेतले अवजड धूड होते आणि रोजच्या रुग्णालयात ते चालवणे शक्य नव्हते. शेवटी त्याने कोबाल्ट-६० निवडले. या किरणोत्सारी धातूतून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण आपोआप बाहेर पडत असतात. त्याला वीज लागत नाही, हलते भागही लागत नाहीत. १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिले गॅमा युनिट, म्हणजेच पहिले गॅमा नाइफ, सुरू झाले. त्यात कोबाल्टचे १७९ तुकडे एका जाड धातूच्या गोलार्धात बसवलेले होते आणि प्रत्येकासमोरच्या बारीक बोगद्याचा रोख एकाच केंद्राकडे होता.

हे यंत्र गाठींसाठी बनवलेले नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लेक्सेलच्या मनात होते ते असह्य वेदनेचे, थरथरीचे आणि काही तीव्र मानसिक आजारांचे रुग्ण. मेंदूतला एक विशिष्ट तंतुमार्ग तोडला की त्यांना आराम पडेल, अशी अपेक्षा होती. गाठी आणि रक्तवाहिन्यांचे गुंते पुढच्या काही वर्षांत यादीत आले, आणि यायलाही ठरावीक क्रमाने आले. न दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरता येत नाही. सीटी स्कॅन १९७१ मध्ये आणि एमआरआय त्यानंतर आला. तोवर मेंदूचा मऊ भाग चित्रात दिसतच नव्हता. रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेल्या अँजिओग्रामवर मात्र गुंता स्पष्ट दिसे, म्हणून त्याच्यावर उपचार लवकर सुरू झाले. एमआरआय रुळल्यावरच ही पद्धत जगभर पसरली. अमेरिकेतले पहिले २०१ कोबाल्ट स्रोतांचे यंत्र पिट्सबर्गला १९८७ मध्ये बसले. हल्लीच्या गॅमा नाइफमध्ये १९२ स्रोत आठ विभागांत मांडलेले असतात आणि ४, ८ किंवा १६ मिलिमीटर व्यासाची शलाका निवडता येते.

उपचाराचा दिवस सकाळी चौकट बसवण्यापासून सुरू होतो. कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार ठिकाणी त्वचा बधिर करणारे इंजेक्शन देतात आणि चार स्क्रूंनी हलकी धातूची चौकट कवटीच्या हाडावर घट्ट बसवतात. केस काढावे लागत नाहीत. पहिली काही मिनिटे डोके आवळल्यासारखे वाटते, मग ते ओसरते. बहुतेक रुग्ण पुढे सांगतात की सगळ्या दिवसात त्रासाचा भाग तेवढाच होता. चौकटीवर एक पारदर्शक पेटी बसवून एमआरआय काढतात. पेटीच्या भिंतींतल्या तिरप्या रेषा प्रत्येक चित्रात ठिपक्यांसारख्या उमटतात, आणि ठिपक्यांतल्या अंतरांवरून संगणकाला कळते की हे चित्र चौकटीच्या नेमक्या कोणत्या उंचीवरचे आहे. अशा रीतीने गाठीचा प्रत्येक कोपरा चौकटीच्या मापांशी जोडला जातो.

त्यानंतर रुग्ण विश्रांती घेतो आणि खरे काम पडद्यासमोर सुरू होते. न्यूरोसर्जन आणि किरणोपचार तज्ज्ञ मिळून गाठीची कड रेखाटतात, शेजारच्या दृष्टीच्या, चेहऱ्याच्या, ऐकण्याच्या नसा आणि मेंदूचा देठही रेखाटतात. मग वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आराखडा रचू लागतो. गाठ क्वचितच गोल असते, म्हणून वेगवेगळ्या आकारांचे किरणगोल शेजारीशेजारी बसवून तिचा वेडावाकडा आकार भरून काढावा लागतो. गॅमा नाइफमध्ये गाठीच्या कडेला जो डोस ठरवतात, तो बहुधा केंद्रातल्या कमाल डोसाच्या निम्मा असतो. यामागे कारण आहे. त्या पातळीवर डोसाचा उतार सर्वांत तीव्र असतो आणि कडेपासून थोडक्याच मिलिमीटरांत तो झपाट्याने खाली येतो. आराखडा करणाऱ्याचे सगळे कौशल्य या उतारावरच पणाला लागते. दृष्टीच्या नसेला साधारण ८ ग्रेच्या वर जाऊ द्यायचे नाही, ही मर्यादा सांभाळताना एका किरणगोलाची जागा मिलिमीटरभर इकडेतिकडे करण्यात तास निघून जातो. या खोलीतला तो भौतिकशास्त्रज्ञ रुग्णाला बहुधा कधी भेटत नाही. त्याचे नाव कागदपत्रांच्या तळाशी असते. पण त्याच्याशिवाय हा उपचार होऊच शकत नाही, आणि त्याची दखल समाजात फारशी घेतली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष उपचार वीस मिनिटांपासून दोन-तीन तासांपर्यंत चालतो. खोलीत रुग्ण एकटाच असतो, पण कॅमेऱ्यातून दिसत असतो आणि बोलूही शकतो. किरणांचा आवाज नाही, वेदना नाही, उजेडही नाही. संपल्यावर चौकट काढतात, स्क्रूंच्या जागी पट्टी लावतात, आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. किरण शरीरात साठून राहत नाहीत, त्यामुळे घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घ्यायला काही हरकत नसते. हल्ली काही रुग्णांना चौकटीऐवजी चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीदार मुखवटाही चालतो. मग डोके किंचित हलले तरी यंत्र ते टिपते आणि किरण थांबवते.

कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते. म्हणजे सुमारे सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो आणि तोच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून काही वर्षांनी सगळे स्रोत बदलावे लागतात आणि ते काम खर्चिक असते. ही अडचण नसलेला दुसरा मार्ग म्हणजे विजेवर चालणारे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. ते यंत्र रुग्णाभोवती फिरत वेगवेगळ्या कमानींतून क्ष-किरण सोडते, आणि भूमिती लेक्सेलचीच. १९८० च्या दशकात ब्वेनोस आयरेस, व्हिसेन्झा आणि बॉस्टन इथल्या गटांनी ते मेंदूसाठी वापरण्याजोगे नेमके केले. बॉस्टनच्या विन्स्टन आणि लट्झ यांनी केंद्रावर एक छोटा गोल ठेवून त्याचे किरणांनी फोटो काढण्याची सोपी चाचणी शोधली. सगळ्या कोनांतून गोलाची सावली मध्यभागी पडली तर यंत्र बरोबर आहे, असे समजायचे. आजही अनेक विभागांत रुग्णाला आत घेण्याआधी ही चाचणी होते. लेक्सेलच्याच हाताखाली काही काळ शिकलेले स्टॅनफर्डचे जॉन अ‍ॅडलर यांनी छोटा अ‍ॅक्सिलरेटर यंत्रमानवाच्या हातावर बसवला. तेच सायबरनाइफ, आणि त्याचा पहिला रुग्ण १९९४ चा.

प्रोटॉनचे वैशिष्ट्य वेगळे आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून तिथेच थांबतो, पलीकडे जात नाही. रॉबर्ट विल्सन यांनी त्याचा वैद्यकीय उपयोग १९४६ मध्येच सुचवला होता. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूसाठी याचे मोल मोठे आहे, कारण त्यांच्यात वाटेतल्या निरोगी भागाला वाचवलेला प्रत्येक ग्रे पुढच्या आयुष्यात कामी येतो. भारतात चेन्नईत २०१९ मध्ये प्रोटॉन केंद्र सुरू झाले आणि नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत २०२३ मध्ये. गॅमा नाइफ त्याआधीच, १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये पोहोचले होते. कोणतेही यंत्र असो, त्याला मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

आता आजारांकडे वळू. कानाच्या नसेवर वाढणारी अकूस्टिक न्यूरोमा ही गाठ या उपचाराचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ती कर्करोगाची नसते, हळू वाढते, आणि चेहरा हलवणारी नस तिला अगदी चिकटून जाते. सुरुवातीच्या काळात तिच्या कडेला जास्त डोस देत, त्यातून गाठ थांबे पण काहींचा चेहरा वाकडा होई. पुढे डोस १२ ते १३ ग्रेपर्यंत उतरवला. गाठ थांबण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरच राहिले आणि चेहऱ्याची इजा दुर्मिळ झाली. आपल्या डोसाबद्दल संशय घेऊन तो कमी करत जाणे, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी प्रगती म्हणावी लागेल. ऐकण्याची क्षमता मात्र वर्षांगणिक काहींची घटत जाते, आणि हे रुग्णाला आधी सांगायला हवे. मेंदूच्या आवरणावरचा मेनिन्जिओमा आणि पियूषिका ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले तुकडे यांनाही हाच उपाय लागू पडतो.

शरीरात इतरत्र झालेला कर्करोग मेंदूत पसरतो, तेव्हा चित्र वेगळे असते. पूर्वी अशा वेळी संपूर्ण मेंदूला किरण देत. त्याने गाठी दबत, पण स्मरणशक्ती आणि तरतरीही दबे. ह्यूस्टनच्या एका चाचणीत २००९ मध्ये दिसले की गाठींवर नेमके किरण दिलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांची शिकण्याची व आठवण्याची क्षमता चार महिन्यांत घसरली, तर त्याला संपूर्ण मेंदूच्या किरणांची जोड दिलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. त्यानंतर थोड्या गाठी असतील तर त्या एकेक टिपण्याकडे कल झुकला. जपानमधल्या एका मोठ्या पाहणीने २०१४ मध्ये दाखवले की पाच ते दहा गाठी असलेल्यांचे आयुर्मान दोन ते चार गाठी असलेल्यांपेक्षा कमी नसते. त्यामुळे गाठींचा आकडा पाहून रुग्णाला नाकारण्याची सवयही मागे पडू लागली. मूत्रपिंडाच्या किंवा त्वचेच्या काळ्या कर्करोगाच्या गाठी रोजच्या छोट्या डोसाला दाद देत नाहीत, पण एका मोठ्या डोसाला देतात. डोस आकारानुसार ठरतो, २ सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे, ३ पर्यंत १८ आणि ४ पर्यंत १५ ग्रे अशी मर्यादा १९९० च्या दशकातल्या एका अमेरिकी चाचणीने घालून दिली.

रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यात धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात आणि तो फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. किरणांनी त्या वाहिन्यांची भिंत आतून जाड होत जाते आणि गुंता बुजतो. यशाचे प्रमाण लहान गुंत्यात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, पण बुजायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर रक्तस्रावाचा धोका संपलेला नसतो. गाठ नसलेल्या आजारांत ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्यात विजेसारखी कळ उठवणारा आजार, मुख्य आहे. घास चावला, गार वारा लागला, दात घासले तरी ती कळ येते. ४ मिलिमीटरच्या शलाकेने चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेच्या मुळावर ७० ते ९० ग्रेचा कमाल डोस देतात, आणि काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कळ ओसरते. काहींच्या गालाला बधिरता येते आणि काहींना पुढे कळ परतते. हाताची असह्य थरथर थांबवण्यासाठी थॅलॅमसमधल्या एका बिंदूवर १३० ग्रेच्या घरात डोस देतात. अपस्माराच्या एका प्रकारात मात्र प्रत्यक्ष शस्त्रक्रियाच वरचढ ठरली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत फिट पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ७८ टक्के होते, किरणांनंतर ५२.

मर्यादाही इथूनच सुरू होतात. ग्लायोब्लास्टोमासारखी गाठ मेंदूत झाडाच्या मुळांसारखी पसरते, तिला कडच नसते. मग नेमकेपणाचा उपयोग कशावर करायचा? म्हणून तिला सहा आठवड्यांत ६० ग्रे आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हाच मूळ उपचार आहे. तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींतही एका बैठकीचा डोस आजूबाजूला सांडतो, तेव्हा तो तीन ते पाच बैठकींत विभागतात. गाठ मोठी होऊन मेंदूवर दाब आणत असेल, रुग्ण उलट्या करत असेल, शुद्ध हरपत असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. तातडीचे काम किरणांकडून होत नाही.

उपचारानंतरचा काळ हाच सर्वांत गोंधळाचा असतो. सहा महिन्यांचा एमआरआय हाती येतो, त्यात गाठ किंचित मोठी दिसते आणि घरात रडारड होते. अकूस्टिक न्यूरोमासारख्या गाठी पहिल्या वर्ष-दीड वर्षात सुजतात आणि मग आक्रसतात, ही गोष्ट रुग्णाला निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगितली नसेल, तर तो दोष सांगणाऱ्याचाच. काही रुग्णांत मात्र किरणांनी भोवतालचा मेंदू सुजतो किंवा त्याचा छोटा भाग मरतो. डोके दुखते, हातपाय अशक्त होतात. बहुतेकांना स्टिरॉइडने आराम पडतो, न पडल्यास बेव्हासिझुमॅब हे औषध देतात, क्वचित तो भाग काढावा लागतो. वाढलेली गाठ आणि मेलेला मेंदू एमआरआयवर सारखेच दिसू शकतात, आणि त्यांतला फरक ओळखायला काही महिन्यांचे एकामागून एक स्कॅन लागतात. रक्तवाहिन्यांचा गुंता पूर्ण बुजला की नाही हे अँजिओग्राम करूनच पक्के ठरवतात, आणि अकूस्टिक न्यूरोमाच्या रुग्णाला दहा वर्षांनंतरही अधूनमधून एमआरआयसाठी बोलावतात.